खुर्द्याची गणती

पानिपतच्या संहाराची वार्ता पेशव्यांस कळली ती एका सावकारी पत्रातून, असे आपण सर्वजण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या पत्रातील सांकेतिक भाषा प्रसिद्ध आहे. सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव तिच्यात मोत्यांच्या रूपाने आले, मोठे सरदार मोहरांच्या रूपाने, आणि बाकीचे सैन्य चांदी-तांब्याच्या नाण्यांच्या, म्हणजे खुर्द्याच्या रूपाने. त्या शेवटच्या रकमेचा हिशेब लागत नाही, असा पत्राचा अभिप्राय होता. पत्र लिहिणाऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. त्याला अनर्थाची बातमी थोडक्यात आणि गुप्तपणे पोहोचवावयाची होती. आमची तक्रार निराळी आहे. 14 जानेवारी 1761 नंतर अडीच शतकांहून अधिक काळ लोटला, त्या सांकेतिक भाषेचे प्रयोजन संपले. तरी मराठी वाङ्मयाने युद्धाचा जमाखर्च लिहिताना तीच चोपडी पुढे चालविली आहे. मोत्ये आणि मोहरा तिच्यात बारकाईने नोंदल्या जातात. खुर्द्यासाठी राखलेला रकाना अजून कोराच आहे.

या विधानाला पुरावा फार दूर शोधावा लागत नाही. बखरकारांचे लक्ष दरबाराकडे आणि सरदारांच्या रुसव्याफुगव्यांकडे असावयाचे, हे त्यांच्या व्यवसायाला धरूनच होते. शाहीर लोकांमधले, पण त्यांच्या पोवाड्यांतही शौर्य असते ते तानाजीसारख्या सुभेदाराचे, आणि कडा चढून गेलेले मावळे त्याच्या पाठीशी एका संख्येने उभे असतात. हरिभाऊ आपट्यांनी ऐतिहासिक कादंबरीला प्रतिष्ठा दिली. पुढे रणजित देसायांची ‘स्वामी’ 1962 साली आणि विश्वास पाटलांची ‘पानिपत’ 1988 साली आली. या कादंबऱ्यांचे गुण आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यांच्या केंद्रस्थानी कोण आहे, हे त्यांच्या वाचकांस सांगावयास नको. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही 1939 ची कादंबरी आपल्या भाषेतील महायुद्धाच्या छायेची सर्वांत समर्थ कृती खरी. पण तिचे रणांगण एका प्रवासी बोटीवर आणि दोन माणसांच्या मनांत आहे. हाती बंदूक घेतलेला, महिन्याच्या पगारातून घरी पैसे पाठविणारा, विशी-बाविशीचा पायदळ शिपाई या नामांकित पुस्तकांच्या नायकपदी कोठेच दिसत नाही.

ज्या जिल्ह्यांतून हा शिपाई गेला, तेथे लिहिणारे नव्हते असे म्हणावे तर तेही खरे नाही. कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि 1857-58 च्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली प्रसिद्ध झाला. झाशीचा वेढा आत राहून पाहिलेल्या एका सामान्य माणसाची ती हकीकत आहे, आणि तिची गोडी तिच्या सामान्यपणातच आहे. भटजींना भूक लागते, भय वाटते, मिळवलेले पैसे लुटले जातात याचे दुःख होते. युद्ध म्हणजे काय हे त्या पुस्तकातून जितके कळते तितके अनेक वीररसपूर्ण ग्रंथांतून कळत नाही. पण गोडसे भटजी भिक्षुक होते; लेखणी त्यांच्या घरातली होती. त्याच जिल्ह्यातून पुढे जो शिपाई भटजींपेक्षा कितीतरी दूर गेला, त्याच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती ती होती त्यांना त्याची आठवण झाली नाही.

तो शिपाई म्हणजे यशवंत घाडगे. 16 नोव्हेंबर 1921 रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव-आमडोशी येथे त्याचा जन्म झाला. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत तो नाईक होता. म्हणजे आठ-दहा शिपायांच्या एका तुकडीचा पुढारी. सैन्याच्या उतरंडीत ही खालचीच पायरी होय. त्याची पलटण 10 व्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत लढत होती. 4 जून 1944 रोजी रोम पडले, दोनच दिवसांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या, आणि जगाचे डोळे तिकडे वळले. इटलीतील डोंगरांतून उत्तरेकडे चाललेली लढाई वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर गेली. जर्मन सैन्य एकेका टेकडीवर ठाण मांडून पाय काढीत होते, आणि प्रत्येक टेकडी कोणत्या ना कोणत्या पायदळ तुकडीला चढून घ्यावी लागत होती. वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यातील अशाच एका टेकडीवर 10 जुलै 1944 रोजी यशवंत घाडगे पडला. त्याला तेविसावे वर्ष चालू होते. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आल्याचे निवेदन त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडन गॅझेटमध्ये छापून आले.

ते निवेदन वाङ्मय म्हणून वाचावे अशी आमची वाचकांस विनंती आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म सरकारी लेखनात गेला आहे, तेव्हा त्या लेखनाची रीत निराळी समजावून देण्याची गरज नाही. मजकूर अगदी थोडा. कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. पुढारी सोडून तुकडीतील सारे मेले किंवा जखमी झाले. आपल्याबरोबर येण्यास कोणी उरलेले नाही हे पक्के ठाऊक असूनही तो क्षणभर न थांबता टॉमी गन चालवीत ठाण्यावर धावला. हातबाँब टाकून त्याने मशिनगन आणि तिचा चालक यांस निकामी केले. गनवरील आणखी एकास गोळी घातली. काडतुसांची पेटी बदलण्यास अवसर नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्याने दस्त्याने ठार केले. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत व पाठीत लागल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्याने प्राण सोडला.

या लेखनाचे गुण उघड आहेत. विशेषणे मोजकी आहेत. घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने येतात, आणि प्रत्येक क्रियापदाला कर्ता आहे. आमच्या ऐतिहासिक कादंबरीकारांनी या संयमाचा धडा घ्यावयास हरकत नाही. शिवाय, पानिपतच्या पत्राने जे केले नाही ते या निवेदनाने केले: खुर्द्यातील एक नाणे उचलून त्याच्यावरचे नाव वाचले.

परंतु निवेदनाच्या मर्यादाही तितक्याच उघड आहेत. क्षणभर न थांबता तो धावला, असे ते सांगते. त्या क्षणी त्याच्या मनात काय होते हे लिहिणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. ते धैर्य होते, की डोळ्यांसमोर सोबती पडल्याने आलेला संताप, की मागे वळणेही तितकेच मरणाचे आहे हा हिशेब, याचा निर्णय गॅझेट देऊ शकत नाही. बंदुकीच्या दस्त्याने दोन माणसे मारण्याचे कृत्य एका वाक्याच्या शेवटी येऊन जाते. ती माणसेही कोठल्या तरी जर्मन खेड्यातून आलेली असणार. त्यांच्याकडे पाहण्याचे काम निवेदनाचे नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या तुकडीतील बाकीचे शिपाई निवेदनात एका सर्वनामाने उरकले आहेत. ते मेले किंवा जखमी झाले, इतकेच. त्यांच्यापैकी प्रत्येकाला नाव होते, गाव होते. पदकाची रीतच अशी आहे की एकाचे नाव उजळावयाचे तर बाकीच्यांना पार्श्वभूमी व्हावे लागते. खुर्द्यातून एक नाणे निवडले गेले, आणि उरलेला खुर्दा पुन्हा खुर्दाच राहिला.

येथे ललित वाङ्मयाचे काम सुरू होते. ते आपल्या देशात कोणी केलेच नाही असे नाही. चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा 1915 साली, म्हणजे पहिले महायुद्ध चालू असतानाच, ‘सरस्वती’ मासिकात प्रसिद्ध झाली. तिचा नायक लहनासिंह खंदकात मरतो. मरताना त्याला अमृतसरच्या बाजारात भेटलेली एक लहान मुलगी आठवते, आणि पुढे सुभेदारीण झालेल्या त्याच मुलीने पदर पसरून मागितलेले वचन आठवते. कथेच्या अखेरीस वर्तमानपत्रातील मृतांच्या यादीची एक कोरडी नोंद येते. ती नोंद वाचताना आपल्याला जे जाणवते ते त्या यादीत नसते. कथेने ते आधीच आपल्या मनात भरून ठेवलेले असते. मुल्कराज आनंद यांनी 1940 साली ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ या इंग्रजी कादंबरीत लालू नावाच्या पंजाबी शेतकरी शिपायाला फ्लँडर्सच्या चिखलात उभे केले. पंजाबच्या शिपायाला अशा रीतीने दोन भाषांत घर मिळाले. 1915-16 च्या कूत-अल्-अमाराच्या वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी अडकल्या होत्या, उपासमारीनंतर त्या तुर्कांच्या कैदेत गेल्या. त्या शिपायांना मराठीत असे घर मिळाले नाही.

या उपेक्षेचे एक कारण आम्हांस दिसते, आणि ते बोलून दाखविले पाहिजे. घाडगे लढला तो परक्या राजाच्या सैन्यात. 1942 च्या आंदोलनानंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले, आणि त्याच साताऱ्यातील तरुण त्याच वर्षांत मराठा पलटणींतून इटलीत लढत होते. त्या काळच्या लेखकाने आपली सहानुभूती कोणाला द्यावी हे सांगावयास नको. स्वातंत्र्यानंतर तर राणीच्या नावाच्या पदकाची वाखाणणी करणे संकोचाचे वाटू लागले. हा संकोच आम्ही समजू शकतो. पण तो वाङ्मयीन कारण होऊ शकत नाही. शिपाई कोणत्या झेंड्याखाली उभा आहे हे इतिहासकाराने तपासावे. पडीक जमीन, सावकाराचे देणे, घराण्यातील चाकरीची परंपरा, गणवेशाचा तोरा आणि वेळेवर मिळणारा पगार यांपैकी कशाने त्याला तेथे आणले, हा प्रश्न कादंबरीकाराचा आहे. एका तालुक्यातील एक तरुण रेल्वेचे रूळ उखडतो आणि दुसरा टायबरच्या काठी टेकडी चढतो, याहून मोठा विषय त्या दशकातील मराठी लेखकाला मिळाला नसता. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाख हिंदी लोक सैन्यात होते. इतक्या माणसांना केवळ भाडोत्री म्हणून बाजूस सारणे हा विचाराचा आळस होय.

आम्ही ज्या नगरीत राहून हे लिहीत आहोत, तिने या प्रश्नाची आणखी एक बाजू आम्हांस दाखविली. चेन्नईत आलेल्या पाहुण्याला मराठी गृहस्थ हौसेने तंबुचेट्टी रस्त्यावरील कालिकांबाळ मंदिरात घेऊन जातात, कारण 1677 साली दक्षिणदिग्विजयाच्या वेळी शिवछत्रपतींनी तेथे दर्शन घेतले अशी परंपरा आहे. सवड असली तर तंजावरची फेरी होते, आणि बृहदीश्वराच्या आवारात सरफोजी राजांनी 1803 साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख पाहिला जातो. दोन्ही गोष्टी पाहण्यासारख्याच आहेत. पण दोन्ही ठिकाणी आपण मोत्येच पाहतो. जिंजीच्या तटावर आणि कावेरीच्या काठी जे मराठी शिपाई राहिले आणि मेले, त्यांची वंशावळ कोणी दगडावर कोरली नाही.

याच तमिळ भूमीत दगडाचा दुसरा एक संप्रदाय आहे. लढाईत पडलेल्या माणसासाठी उभ्या केलेल्या शिळेला येथे ‘नडुकल’ म्हणतात. संघकालीन काव्यातही तिचे उल्लेख येतात. तिरुवण्णामलै जिल्ह्यातील चेंगम भागात अशा अनेक शिळा मिळाल्या, आणि पुरातत्त्वज्ञ रा. नागस्वामी यांनी त्यांचे लेख 1972 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. या शिळांवर राजाचे नाव आणि राज्यवर्ष येते खरे, पण ती येतात तारखेपुरती. लेखाचा विषय असतो गुरांच्या धाडीत पडलेला एखादा गावचा माणूस, आणि त्याचे नाव दिलेले असते. एडत्तनूर येथील पल्लव महेंद्रवर्म्याच्या काळची शिळा तर प्रसिद्धच आहे. तिच्यावर करुंदेवकत्ती नावाच्या वीराबरोबर त्याचा कुत्रा कोरला आहे. त्याने दोन चोरांना चावून राखण केली असे लेख सांगतो. आणि त्या कुत्र्याचेही नाव, कोविवन, तेथे नोंदलेले आहे.

महाराष्ट्रात या शिळेची बहीण म्हणजे वीरगळ. कोकणात व देशावर शेकडो गावांच्या शिवारांत आणि देवळांच्या आवारांत वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर कलश. शिल्पाची ही योजना सुंदर आहे. परंतु आपल्या बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही. वीर आहे, त्याचा स्वर्ग आहे, नाव नाही. मराठी वाङ्मयाने पुढे जी सवय धरली ती या मुक्या दगडांशी किती जुळते, हे पाहून मन विषण्ण होते.

परक्यांनीही आपल्या शिपायांशी नेहमीच न्यायाने वर्तन केले असे नाही. नंदंबाक्कम येथे 1952 साली वसविलेली युद्धसमाधिभूमी वाचकांपैकी काहींनी पाहिली असेल. दक्षिण व पूर्व हिंदुस्थानातील जागोजागच्या कबरी, जेथे त्यांची कायम निगा राखणे शक्य नव्हते, तेथून येथे आणल्या. दुसऱ्या महायुद्धातील साडेआठशेहून अधिक सैनिक येथे आहेत, आणि पहिल्या महायुद्धातील हजारावर नावे मागच्या स्मारकावर कोरलेली आहेत. सर्वांना एकाच मापाचे दगड. हुद्द्यावरून लहानमोठेपणा नाही. हे तत्त्व थोर आहे. पण 1929 साली बसऱ्यास उभारलेल्या स्मारकावर हेच तत्त्व हिंदी शिपायांच्या बाबतीत पाळले गेले नाही. तेथे अधिकाऱ्यांची नावे कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार संख्या तेवढी दिली. मेसोपोटेमियात पडलेला मराठा शिपाई तेथेही खुर्दाच ठरला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या असमानतेची कबुली दिली आहे. यशवंत घाडग्याचे नाव मात्र इटलीतील कॅसिनो स्मारकावर आहे. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चार हजारांवर सैनिकांचे ते स्मारक आहे.

इतक्या उशिराने का होईना, त्याची आठवण ठेवणारे निघाले. माणगावात त्याचा पुतळा आहे. इटलीतील मोंतोने या लहानशा गावाने 2023 साली त्याच्या नावाने एक स्मारक उभारले, आणि ते सूर्यघटिकेच्या रूपात आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन बोधवचन त्यावर आहे. ज्या गावाच्या परिसरात हा परदेशी पोर येऊन मेला, त्या गावाने त्याच्या स्मारकासाठी तलवार-बंदूक न निवडता उन्हाची सावली निवडली. या निवडीत काव्याची जी समज दिसते, ती आमच्या वीररसाच्या लेखकांना हेवा वाटावा अशी आहे.

त्याच्या पाठोपाठ 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर पहिल्या पलटणीचा शिपाई नामदेव जाधव याने दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून परत आणले आणि तीन मशिनगनची ठाणी मोडली. मग तटावर उघडे उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत त्याने मागच्या कंपन्यांस पुढे बोलावले. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो जगला, आणि 1984 साली पुण्यात वारला. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे हा माणूस आपल्या भाषेत बोलत, आपल्यामध्ये वावरत होता. मरणाच्या तोंडाशी असताना त्याच्या मुखी मराठ्यांची रणगर्जना होती. त्याच्याबद्दल आमच्या वाङ्मयाने काय उच्चारले, याचे उत्तर समाधानकारक नाही.

वाङ्मय म्हणजे हजेरीपट नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्हांस मान्य आहे. प्रत्येक मृताचे नाव नोंदणे हे दप्तराचे काम. आणि साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावांतील स्मृतिस्तंभांनी, सैनिक मंडळांच्या कागदांनी ते थोडेफार केले आहे. वाङ्मयाचे काम त्यापुढचे आहे. एकाच शिपायाला घ्यावे. त्याने भरतीच्या दिवशी काय खाल्ले, बोटीवर त्याला ओकारी कशी झाली, इटलीतील शेत पाहून त्याला कोणत्या हंगामाची आठवण झाली, हे असे लिहावे की त्याच्या तुकडीतील बाकीचे निनावी शिपाईही त्याच्याबरोबर जिवंत होतील. लहनासिंहाने आपल्या यादीतील इतरांसाठी हेच केले. त्या एका कथेनंतर मृतांची यादी हिंदी वाचकाला पूर्वीसारखी वाचता येत नाही.

पुतळ्याला वर्षातून एकदा हार घातला जातो, आणि तो घालावा. परंतु 10 जुलै 1944 च्या सकाळपर्यंत यशवंत घाडगे हा वीर नव्हता. तो माणगाव तालुक्यातील एक पोरगा होता, आणि त्याच्या हाताखाली तसेच आठ-दहा पोरगे होते. ती सकाळ मराठीत अजून कोणी लिहिलेली नाही. जो कोणी ती लिहील, त्याने गॅझेटकडून संयम घ्यावा, गोडसे भटजींकडून भुकेची व भयाची खरी भाषा घ्यावी, आणि एडत्तनूरच्या पाथरवटाकडून नाव कोरण्याची निष्ठा घ्यावी. पानिपतच्या पत्राने सोडून दिलेला हिशेब तेथून पुढे लिहावयास घेता येईल.